लष्कराचा वजनकाटा

तोलाजीराव हे त्यांचं नाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून हयात घालवलेल्या माणसाला इमारतीतले लोक दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारणार? खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. दिवसभर दुकानोदुकानी हिंडायचं, काटे तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, शिव्या खायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसायचं, असा त्यांचा क्रम होता. मुलगी येऊन समोर उभी राहिली तेव्हा त्यांचे दोन्ही पाय बादलीत होते. पाय कोरडे असते तर आपण जरा रुबाबात उत्तर दिलं असतं, असं त्यांना पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

"बाबा, मी सैन्यात जाते," मुलगी म्हणाली.

"बरं," तोलाजीराव म्हणाले.

दिवसभराच्या पायपिटीनंतर ते कशालाही 'बरं' म्हणत. घराला आग लागली असं सांगितलं तरी हे आधी 'बरं' म्हणतील आणि मग बादली उचलतील, असं त्यांची बायको म्हणे, आणि ती गणिताची शिक्षिका असल्यामुळे तिचे अंदाज सहसा चुकत नसत. वाक्याचा अर्थ डोक्यात शिरायला दोनेक मिनिटं गेली. मग दोन्ही पाय एकदम बादलीबाहेर आले आणि निम्मं पाणी जमिनीवर.

मुलीला घरात पैलवान म्हणत. ती इतकी किडकिडीत होती की दुसरं काही म्हणणं दुष्टपणाचं झालं असतं. तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं. मार्क होते, प्रवेशही मिळत होता. घोडं अडलं होतं फीवर. फीचा आकडा आला त्या दिवशी बायकोने तो कागद उलटा करून मागच्या बाजूला काही सवलत वगैरे छापलीय का, तेही पाहिलं होतं. आता पैलवानाने शोधून काढलं होतं की सैन्यालाही जनावरांचे डॉक्टर लागतात. फी सैन्य भरणार, राहायची सोय सैन्य करणार, पुस्तकंसुद्धा सैन्य देणार. त्या बदल्यात शिक्षण संपलं की सात वर्षं सैन्याच्या खेचरांची, घोड्यांची आणि कुत्र्यांची देखभाल करायची.

"आणि युद्ध झालं तर?" तोलाजीरावांनी विचारलं.

"झालं तर खेचरांना लागेल बाबा. मी औषध लावीन."

"ही खेचरं असतात कुठे?"

"डोंगरात."

"डोंगरात म्हणजे नक्की कुठे?"

"सीमेवर."

"म्हणजे तू पण सीमेवर?"

"मग काय, खेचर टपालाने येणार आहे का माझ्याकडे?"

यावर तोलाजीरावांनी बायकोकडे पाहिलं. अशा वेळी बायको आपली बाजू घेते असा त्यांचा समज होता, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही तो टिकून होता. बायको फडक्याने जमीन पुसत होती. "लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा हे बरं," ती मान वर न करता म्हणाली. "मुलगी स्वतःच्या हिमतीवर शिकेल. आणि तुम्ही ते पाय आधी पुसा."

त्या घरात मोठा निर्णय घ्यायची एक पद्धत होती. खात्याने मोडीत काढलेला एक दोन पारड्यांचा तराजू तोलाजीरावांनी रीतसर पावती करून घरी आणला होता. एका पारड्यात 'करावं', दुसऱ्यात 'करू नये'. ज्याला जो मुद्दा सुचेल त्याने तो मोठ्याने सांगायचा आणि त्याच्या योग्यतेचं वजन पारड्यात टाकायचं. भिंतींना कुठला रंग द्यायचा इथपासून थोरल्या मावशीला किती दिवस ठेवून घ्यायचं इथपर्यंत सगळं असंच ठरलं होतं. मावशीच्या वेळी स्वतः मावशीच समोर बसलेली असल्यामुळे तराजूने जरा भिडस्त कौल दिला होता, एवढाच काय तो अपवाद.

या वेळच्या बैठकीला वरच्या मजल्यावरचे कप्तान न बोलावता आले. कप्तान सैन्यातून निवृत्त झालेले. इमारतीत युद्धाविषयी शेवटचा शब्द त्यांचा असे. वास्तविक त्यांची सगळी नोकरी ब्लँकेटांच्या कोठारावर गेली होती आणि शत्रू म्हणून त्यांनी कसर लावणाऱ्या किड्याशिवाय कुणाला जवळून पाहिलं नव्हतं. पण मिशा होत्या.

बायकोने 'फी' म्हणत दोन किलोचं वजन 'करावं'च्या पारड्यात ठेवलं. पैलवानाने 'माझी इच्छा' म्हणून आणखी एक किलो टाकलं. तोलाजीराव उठले, कपाटातून पाच किलोचं वजन दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि दुसऱ्या पारड्यात ठेवत म्हणाले, "जीव."

"जिवाचे पाचच किलो?" कप्तानांनी विचारलं.

"घरात याहून मोठं वजन नाही."

"तरी पण. पोटची पोर आहे. वीस तरी धरायला हवेत."

"कप्तानकाका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?" पैलवान म्हणाली.

"मी तत्त्वाच्या बाजूने," कप्तान म्हणाले आणि तत्त्व नीट मांडता यावं म्हणून पुढे वाकले. वाकताना कोपर पारड्यावर टेकलं. तराजूची दांडी मधोमध मोडली. ज्या तराजूने मावशीला सोसलं होतं तो कप्तानांच्या एका कोपराने गेला. मग पैलवान हळूच म्हणाली की अर्ज तिने गेल्याच आठवड्यात पाठवलाय आणि त्यांनी तपासणीला बोलावलंदेखील आहे. तोलाजीराव 'बरं' म्हणाले. या वेळी त्यांना अर्थ लगेच कळला होता.

मग दाखले गोळा करणं आलं. प्रामाणिकपणाने नोकरी केली की म्हातारपणी मान मिळतो, असं तोलाजीराव नव्या निरीक्षकांना नेहमी सांगत. दाखल्यांच्या निमित्ताने त्यांना कळलं की गावात ज्याचा म्हणून शिक्का लागतो, त्या प्रत्येकाच्या कुठल्यातरी नातेवाइकाला आपण कधीतरी दंड केलेला आहे. वर्तणुकीचा दाखला देणाऱ्या पोलीस कारकुनाचा भाऊ भाजीवाला होता. त्याची जप्त केलेली पोकळ वजनं अजून खात्याच्या कपाटात पडून होती. कारकुनाने तोलाजीरावांना चार वेळा उद्या बोलावलं. पाचव्या वेळी म्हणाला, "साहेब, दाखला तयार आहे, पण जरा कमी भरतोय. एक सही राहिलीय." आजूबाजूचे सगळे हसले. नकला साक्षांकित करणारा वकील हसला नाही, पण तो रॉकेलवाल्याचा जावई होता. त्याने प्रत्येक पान उजेडात धरून असं तपासलं की तोलाजीरावांना स्वतःच्याच मुलीच्या जन्माबद्दल शंका येऊ लागली. फोटोवाल्याने तर पैलवानाचा फोटो नियमापेक्षा दोन मिलिमीटर लहान कापून दिला. तोलाजीरावांनी पट्टी काढून तो मोजला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे मापं थोडी खालीवर होतात. तुम्हाला माहीतच आहे."

या सगळ्यात मुख्य अडचण बाजूलाच राहिली होती. पैलवानाच्या उंचीला सैन्य जे किमान वजन मागत होतं, त्याहून ती दोन किलोने कमी होती. घरातला काटा खोटा असणं शक्य नव्हतं. तो दर महिन्याला तपासला जाई.

मग सुरू झालं खाणं. सकाळी अंडी, दुपारी बटाटे, येता-जाता दूध, आणि प्रत्येक गोष्टीवर लोण्याचा गोळा. इमारतीने हे काम आपलं मानलं. खालच्या मजल्यावरची शिवणवाली म्हणाली, पोरीला दुपारी झोपवा, झोपेने अंग भरतं. समोरचा दंतवैद्य म्हणाला, घास बत्तीस वेळा चावा, आणि मोजायला दात कमी पडत असतील तर दवाखान्यात या. कप्तान रोज संध्याकाळी जिन्यात उभे राहून विचारत, "किती भरली?" आणि उत्तर ऐकून मान हलवत परत वर जात. पैलवान डोळे मिटून खायची. तिच्याच्याने संपायचं नाही. उरलेलं वाया जाऊ नये म्हणून तोलाजीराव खायचे. महिन्याअखेर पैलवान दीड किलोने वाढली, तोलाजीराव साडेतीनने, आणि खात्याच्या गणवेशाचं वरून तिसरं बटण एका किराणा दुकानात ऐन तपासणीच्या वेळी उडून तांदळात पडलं. दुकानदाराने ते शोधून, पुसून, एका कागदावर ठेवून परत दिलं. त्या सौजन्याचा तोलाजीरावांना दंडापेक्षा जास्त त्रास झाला.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. रोज सकाळी पैलवान काट्यावर उभी राहायची आणि काटा पुढे सरकला नसला की त्यांना हायसं वाटे. हायसं वाटलं म्हणून मग दिवसभर लाज वाटे. त्या लाजेपोटी ते संध्याकाळी लोण्याचा गोळा आणखी मोठा करत. मुलगी जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि ती शिकावी असंही तितक्याच मनापासून. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती.

तपासणीच्या दिवशी सकाळीसुद्धा ती अर्धा किलो कमीच होती.

"जाऊन तर बघा," बायको म्हणाली. "अर्ध्या किलोसाठी कोण परत पाठवतं?"

पंचवीस वर्षं पन्नास ग्रॅमसाठी खटले भरलेला तिचा नवरा बूट घालू लागला.

लष्कराचं भरती केंद्र म्हणजे एक लांबलचक पत्र्याचं छप्पर होतं. एका बाजूला मैदान, मैदानाच्या कडेला नळ, आणि दोरीपलीकडे उन्हात उभे केलेले आईबाप. अठराच्या आतल्या उमेदवाराच्या पालकाने मेजरबाईंसमोर संमतीची सही करायची असल्यामुळे तोलाजीरावांना आत घेतलं. मेजरबाई म्हणजे ठेंगण्या, सर्दीने बेजार झालेल्या, चेहऱ्यावर रात्रपाळीचा शीण असलेल्या बाई होत्या. त्यांनी नाक पुसत कागद पुढे केला. तोलाजीरावांनी तो तीनदा वाचला आणि सही केली. बाईंनी वर न बघता तिच्यावर शिक्का मारला, तीनदा वाचणारे बाप त्यांना सवयीचे असावेत.

पैलवानाच्या पुढे रांगेत एक धिप्पाड मुलगी होती, खांद्यांनी दरवाजा भरेल अशी. ती काट्यावर चढली. शिपायाने आकडा वाचला. अर्धा किलो जास्त. "बाद," मेजरबाई म्हणाल्या. धिप्पाड मुलगी खाली उतरली आणि उतरल्या जागीच रडू लागली. दोन दिवस उपाशी आहे हो, असं ती शिपायाला सांगत होती. मग पैलवान चढली. शिपायाने आकडा वाचला, आणि तो किमान वजनापेक्षा थोडा जास्तच होता.

"पास," मेजरबाई म्हणाल्या.

पैलवानाने वळून बापाकडे पाहिलं. तिचा चेहरा असा फुलला होता की तोलाजीरावही हसले. ती खाली उतरली आणि त्यांची नजर सवयीने रिकाम्या काट्याकडे गेली. सगळं जग भरलेल्या काट्याकडे बघतं, रिकाम्याकडे बघायची खोड निरीक्षकालाच असते. रिकामा काटा शून्यावर नव्हता. शून्याच्या पुढे पाऊण किलो मजेत विसावला होता. तपासणीचा शिक्का चार वर्षांपूर्वीचा होता आणि खालचं शिशाचं सील जागेवर नव्हतं.

इथे शहाण्या माणसाने टोपी घालून घरी जायला हवं होतं. तोलाजीरावांनी विचार केला असता तर कदाचित तेही गेले असते. पण विचाराच्या आधी तोंड उघडलं, आणि प्रत्येक दुकानात शिरताना निघणारं वाक्य त्याच आवाजात बाहेर पडलं.

"काटा थांबवा."

मेजरबाईंनी रुमाल खाली घेतला. "आपण कोण?"

तोलाजीरावांनी ओळखपत्र दाखवलं. मग सुट्टीच्या दिवशीही खांद्याला असणारी कामाची पिशवी उघडून तार काढली, शिसं काढलं, पक्कड काढली, आणि कुणी 'अहो, अहो' म्हणेपर्यंत काटा वापरता येऊ नये असं त्याला सील ठोकलंसुद्धा. हे सगळं इतकं सफाईने झालं की शेजारच्या शिपायाने पक्कड धरायला मदत केली. आपण काय केलं हे तोलाजीरावांना शिसं दाबलं गेल्यावर कळलं. मुलीकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही.

"मुलीला पाठवायचं नव्हतं तर सही कशाला केलीत?" मेजरबाई म्हणाल्या.

"तसं नाहीये बाई. काटा खोटा आहे."

"रोज शंभर बाप येतात इथे. कुणी चक्कर आल्याचं सोंग करतं, कुणी आजी वारल्याचं सांगतं. काट्याला सील ठोकणारे तुम्हीच पहिले."

तोलाजीरावांचा अभिमान इथे पार दुखावला. त्यांनी कायद्याचं कलम सांगितलं. बाईंनी फोन पुढे केला. तोलाजीरावांनी खात्यातल्या साहेबांना फोन लावला, या अपेक्षेने की निदान आपलं खातं तरी आपल्या पाठीशी उभं राहील.

"कुठे सील ठोकलंत?" साहेब ओरडले ते छपराखालच्या सगळ्यांना ऐकू गेलं. "अहो, लष्कराच्या आवारात आपला कायदाच लागू होत नाही!"

"मग काढून टाकू, साहेब?"

"काढता कसं? ज्याला लावायचा अधिकार नाही, त्याला काढायचाही नाही!"

"मेजरबाईंना तोडायला सांगू?"

मेजरबाईंनी हात झटकले. "सरकारी सील मी तोडणार नाही. तोडलं तर मला तीन ठिकाणी लेखी उत्तर द्यावं लागेल. उद्या परेडवर भूकंप झाला तरी मी सीलला हात लावणार नाही."

झालं. सील लावणाऱ्याला ते काढता येईना, ज्यांचा काटा त्यांना ते तोडता येईना, आणि दुसरा काटा केंद्रात नव्हता. भरती बंद पडली. ही बातमी दोरीपलीकडे पोहोचली आणि उन्हात तापलेल्या आईबापांनी तोलाजीरावांचा जो उद्धार केला, त्यापुढे बाजारातल्या शिव्या म्हणजे आशीर्वाद होते. एका शिपायाने दया येऊन त्यांना खुर्ची दिली, पण ती भिंतीकडे तोंड करून ठेवली होती आणि ती फिरवून घेण्याइतकी ऐपत आपली उरलेली नाही असं त्यांना वाटलं. ते भिंतीकडे बघत बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इथे तर हात, ओळखपत्र आणि पक्कड, तिन्ही दाखवून झालं होतं.

शेवटी तोडगा मेजरबाईंनीच काढला. 'आमच्या काट्याची तपासणी करून द्यावी' अशी लष्कराकडून विनंती गेली, तिच्यावर सील ठोकायच्या आधीची वेळ घातली गेली, आणि मग साहेबांच्या मते सगळं पहिल्यापासून कायदेशीर होऊन बसलं. खात्याची गाडी प्रमाणित वजनं घेऊन येईपर्यंत दुपार कलली. तोलाजीरावांनी सगळ्यांसमोर उकिडवं बसून सील काढलं, खालचा स्क्रू फिरवला, एकेक वजन ठेवून काटा तपासला आणि शिक्का मारला. कंबर धरली होती. उठताना धिप्पाड मुलीने हात दिला.

तिचं वजन पुन्हा केलं. ती पास झाली. इतकी जोरात हसली की मेजरबाईंनाही सर्दीतून हसू फुटलं. मग पैलवान चढली. अर्धा किलो कमी.

"बाद," मेजरबाई म्हणाल्या. आवाज जरा मऊ होता. "संध्याकाळी केंद्र बंद व्हायच्या आत एकदा फेरवजन करता येतं. पण तासा-दोन तासांत काय होणार?"

पैलवान बाहेर जाऊन पायरीवर बसली. तोलाजीराव तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसले.

"तुम्हाला मी जायला नको होते," ती म्हणाली. ती रडत नव्हती, आणि रडली असती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. "म्हणून केलंत ना?"

"काटा खोटा होता गं."

"ते माहितीये मला. मी ते विचारत नाहीये."

तोलाजीरावांनी पायातल्या बुटांकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांच्या डोळ्याला डोळा भिडवून खरं काय ते विचारलं होतं, आणि दुकानदार नेमके असेच बुटांकडे बघायचे.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "मलाच माहीत नाही. ती दुसरी पोर रडत होती, तिचं वाईट वाटलं, हे खरं. सवय आहे, तेही खरं. आणि तू पास झालीस तेव्हा बाद झाली असतीस तर बरं असं वाटलं, हेही खोटं नाही. यातलं कशाने तोंड उघडलं ते मला नाही सांगता येत. तू डोंगरात जाणार म्हटल्यापासून मला धड झोप नाही, पैलवान. फार भीती वाटते गं मला."

"मग मला वाटत नाही का?" पैलवान म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "पण मला शिकायचंय, बाबा."

तोलाजीराव गुडघ्यावर हात देऊन उठले आणि सरळ मेजरबाईंच्या टेबलापाशी गेले.

"उमेदवार पाणी प्यायलेला चालतो का?"

मेजरबाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "नियमात उमेदवाराचं वजन म्हटलंय. उमेदवाराच्या आत काय आहे ते डॉक्टर बघतात, आणि डॉक्टर सकाळीच बघून गेले."

मैदानाच्या कडेच्या नळावर तोलाजीरावांनी बाटली भरली. बाटलीवर एक लिटर असं छापलं होतं, त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पण एक लिटर पाणी एक किलो भरतं, यावर मात्र त्यांचा देवाहून जास्त विश्वास होता. "हळू पी," ते म्हणाले. "घाईने प्यालीस तर उलटून पडेल." पैलवान पीत होती, ते बाटली धरून उभे होते. मध्ये तिला ठसका लागला तेव्हा त्यांनी पाठीवरून हात फिरवला. ती अर्धी बाटली संपवून नको म्हणाली, तर त्यांनी आणखी चार घोट पाजले. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बापाला किती घाई झालीय मुलीला पाठवायची.

फेरवजनाला मेजरबाईंनी शिपायाला बाजूला केलं. "आकडा तुम्ही वाचा," त्या तोलाजीरावांना म्हणाल्या. "मी वाचला तर तुम्ही परत सील ठोकाल."

पैलवान ओठ घट्ट मिटून काट्यावर उभी राहिली. काटा हलला, मागेपुढे झाला, थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तोलाजीरावांना वाटलं, हा खोटा निघावा. त्यांनी तो समोरून पाहिला, वाकून पाहिला, चष्मा पुसून पाहिला. मग सगळ्या छपराला ऐकू जाईल अशा आवाजात आकडा वाचला. किमान वजनापेक्षा शंभर ग्रॅम जास्त.

"नक्की?" मेजरबाईंनी विचारलं.

"नक्की," तोलाजीराव म्हणाले. "काटा मी तपासलाय."

मेजरबाईंनी 'पास' म्हणायच्या आत पैलवान काट्यावरून उडी मारून मैदानापलीकडच्या स्वच्छतागृहाकडे धावत सुटली होती. सैन्यात तिने पळायला सुरुवात केली ती ही अशी.

घरी पोहोचायला संध्याकाळ झाली. पैलवान आल्या आल्या आडवी झाली आणि झोपली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सकाळपासून ती शाळेतही गेली नव्हती, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"काय झालं?"

"भरली."

"म्हणजे घेतलं?"

"घेतलं. पुढच्या महिन्यात जायचंय." तोलाजीराव खुर्चीत बसले. मग त्यांनी सगळी हकिकत सांगितली. धिप्पाड मुलगी, सील, साहेब, भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची, पाणी. बायको ऐकत होती. हिच्याकडून निदान एक 'शाब्बास' येईल म्हणून तोलाजीरावांनी वर पाहिलं, तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. दोन महिने तिने फीचं, हिमतीचं, स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं गणित सगळ्यांना पटवलं होतं. कप्तानांनासुद्धा.

"अगं, तूच तर म्हणत होतीस," ते म्हणाले.

"म्हणत होते," ती म्हणाली. तिने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "अहो, ते सील पुन्हा नाही का लावता येणार?"

तोलाजीराव वाकून बुटाची नाडी सोडत होते. गाठ बसली होती, सुटत नव्हती.

"लावता येईल की," ते म्हणाले. "पण कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

गणिताची शिक्षिका असलेली त्यांची बायको त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसली, नाडीची गाठ आपल्या हातात घेतली आणि खरोखरच विचार करू लागली.